गुणाकाराच्या जोड्या : गणित नेमके अडते कुठे?



घरात दहावीचे वर्ष लागले की एक वाक्य हमखास ऐकू येते. "बाकी सगळे येते हो, पण गणित तेवढे त्याच्या डोक्यात शिरत नाही." आई म्हणते, वडील म्हणतात, शेजारी दुजोरा देतात आणि पोरगा मुकाट्याने ऐकून घेतो. चार वेळा ऐकले की त्यालाही ते खरे वाटू लागते. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीपर्यंत पोचले आहे, तिथे तर हे वाक्य फार लवकर उच्चारले जाते, कारण त्याला आणखी एक शेपूट जोडलेले असते : "आम्हाला तरी कुठे येत होते!" जणू गणित ही रक्तातून उतरणारी चीज आहे. अमक्याच्या घरी उतरते आणि तमक्याच्या घरी उतरत नाही, हे आपण किती सहज मानून बसतो!

डोके, रक्त, घराणे हे सगळे घटकाभर बाजूला ठेवा आणि मुलाची वही हातात घ्या. वर्गसमीकरणाचे पान काढा. तिथे असे काहीतरी असेल : क्ष वर्ग + १४ क्ष + ४८ = ०. (आताच्या पुस्तकांत क्षच्या जागी इंग्रजी अक्षर असते. आमच्या पिढीचा जीव 'क्ष'वरच. तेव्हा इथे क्षच राहू द्या.) मुलाला विचारा, पुढे काय करायचे? तो धडाधड सांगेल : अशा दोन संख्या शोधायच्या की त्यांचा गुणाकार ४८ यावा आणि बेरीज १४ यावी. म्हणजे रीत त्याला पाठ आहे. सरांनी शिकवलेले त्याने ऐकले आहे. मग पेन थांबते. नजर छताकडे जाते. "दहा आणि चार? नाही, चाळीस होतात. बारा आणि दोन? चोवीस." पाच मिनिटे जातात. शेवटी तो शेजाऱ्याच्या वहीत बघतो किंवा गाईड उघडतो. ६ आणि ८ ही उत्तरे त्याला तिथे सापडतात, पण ती कशी सापडवायची हे सापडत नाही.

बीजगणित त्याला येत होते. त्याचे घोडे अडले ते तिसरी-चौथीच्या गुणाकारात. एखादी संख्या दिली तर कोणकोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने ती तयार होते, त्या सगळ्या जोड्या रीतसर शोधण्याची सवय त्याला कुणी लावलेलीच नाही. आठवीत बैजिक राशींचे अवयव येतात, दहावीत वर्गसमीकरणे येतात. मसावि, लसावि आणि अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणे तर त्याआधीच येऊन गेलेले असते. या सगळ्यांच्या तळाशी ही एकच गोष्ट आहे. ती कच्ची राहिली की वरचे मजले डुगडुगतात आणि आपण खापर फोडतो पोराच्या डोक्यावर.

पाढे आपण पाठ करून घेतो, ते चांगलेच. पण पाढा एकाच दिशेने चालतो. बारा त्रिक किती? छत्तीस. हे उत्तर झोपेतून उठवले तरी येते. पण "छत्तीस कशाकशाचे?" असे विचारले की सगळे गप्प! बारा त्रिक छत्तीस, नऊ चोक छत्तीस, अठरा दुणे छत्तीस, सहा सक छत्तीस हे चार वेगवेगळ्या पाढ्यांत विखुरलेले आहे आणि ते एका धाग्यात ओवायला कुणी सांगितलेले नसते. पाढ्याच्या वाटेने उलटे चालायचे, एवढेच या लेखाचे काम आहे.

ज्यांना अक्षरओळख नाही अशा आया-आज्यासुद्धा याची सुरुवात करून देऊ शकतात. घरात चिंचोके असतात, नसतील तर तुरीचे दाणे घ्या. बारा चिंचोके मुलापुढे ठेवा आणि सांगा, सारख्या रांगा लाव, एकही उरता कामा नये. तो एका रांगेत बारा लावील. मग सहा-सहाच्या दोन रांगा लावील. मग चार-चारच्या तीन. पाचच्या रांगा लावू लागला की दोन उरतील, म्हणजे पाच जमत नाही. आता एक चिंचोका वाढवून तेरा करा. पोर कितीही वेळ बसले तरी तेराचा चौकोन होणार नाही, एकच लांबलचक रांग. अशा हट्टी संख्येला पुस्तकात 'मूळ संख्या' म्हणतात आणि बाराला 'संयुक्त संख्या'. व्याख्या पाठ करण्याआधी हाताला कळलेली गोष्ट सहसा विसरत नाही.

मोठ्या मुलांना मात्र चिंचोके पुरत नाहीत. त्यांच्यासाठी रीत अशी. ४८ घ्या. कागदावर दोन उभे रकाने आखा, डावीकडे लहान संख्या, उजवीकडे तिची जोडीदार. १ पासून सुरू करा आणि एकही आकडा न गाळता वर चढा. एक आणि ४८. दोन आणि २४. तीन आणि १६. चार आणि १२. पाचने भाग जात नाही, सोडा. सहा आणि ८. सातने भाग जात नाही. आठ? आठ तर उजव्या रकान्यात आधीच येऊन बसला आहे. म्हणजे आता पुढे गेलो तर त्याच जोड्या उलट्या होऊन येतील. थांबा. पाच जोड्या झाल्या आणि सहावी असूच शकत नाही.

हे "असूच शकत नाही" फार महत्त्वाचे आहे, म्हणून त्याचे कारण मुलाला नीट सांगा. डावा रकाना वाढत जातो, उजवा घटत जातो, दोघे एकमेकांकडे चालत येतात. त्यांची भेट कुठे होईल? जिथे दोन्ही सारखे होतील तिथे, म्हणजे त्या संख्येच्या वर्गमुळापाशी. साते साती एकोणपन्नास, म्हणजे ४८ च्या पुढे. तेव्हा जोडीतल्या दोन्ही संख्या ७ किंवा ७ पेक्षा मोठ्या असतील तर गुणाकार ४९ च्या खाली येणारच नाही. म्हणून प्रत्येक जोडीतली एक तरी संख्या ६ किंवा त्याहून लहान असलीच पाहिजे. आपण १ ते ६ सगळे तपासले, विषय संपला. पुष्कळ मुले ४८ पर्यंत सगळे आकडे तपासायचे समजून आधीच हात टेकतात. तपासायचे फक्त सहा असतात. १०० च्या आतल्या कुठल्याही संख्येला फार तर दहा.

संख्या पूर्ण वर्ग असेल तर शेवटची जोडी स्वतःचीच स्वतःशी लागते. ३६ ला सहा सक, १०० ला दहा दाहे. नुकतेच होऊन गेलेले २०२५ साल असेच होते, ४५ गुणिले ४५. याआधीचे असे साल १९३६ आणि यापुढचे २११६.

आता तो कागद तसाच ठेवून तिसरा रकाना काढा आणि प्रत्येक जोडीची बेरीज लिहा. एक आणि ४८ ची ४९, दोन आणि २४ ची २६, मग १९, मग १६ आणि सहा-आठची १४. बेरीज सारखी उतरत जाते. चौथ्या रकान्यात फरक लिहा : ४७, २२, १३, ८, २. तोही उतरत जातो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मुलाला शोधायची दिशा मिळते. बेरीज मोठी हवी असेल तर यादीच्या वरच्या टोकाला बघ, लहान हवी असेल तर खाली, वर्गमुळाच्या आसपास. ४८ ला १४ बेरीज हवी आणि सर्वांत लहान बेरीज तर खालच्या टोकाला. सरळ ६ आणि ८ वर हात पडतो. आता (क्ष + ६)(क्ष + ८) लिहायला किती वेळ लागणार?

चिन्हांचा घोळही याच कागदावर सुटतो. शेवटची संख्या अधिक असेल तर बेरजेच्या रकान्यात बघायचे, वजा असेल तर फरकाच्या रकान्यात. क्ष वर्ग − २ क्ष − ४८ घ्या. शेवटी वजा ४८ आहे, म्हणजे जोडीतला एक अधिक, एक वजा. फरक २ हवा. पुन्हा ६ आणि ८. मधले पद वजा आहे, म्हणून मोठ्याला वजा चिन्ह : −८ आणि +६. झाले.

आणि जमलेच नाही तर? समजा क्ष वर्ग + १५ क्ष + ४८ आहे. बेरजेच्या रकान्यात १६ आहे, १४ आहे, १५ नाही. यादी पूर्ण आहे याची आपल्याला खात्री आहे. तेव्हा पूर्ण संख्यांची अशी जोडीच नाही, अवयव पद्धत सोडा आणि सूत्र वापरा. परीक्षेत हे अर्ध्या मिनिटात कळणे आणि दहा मिनिटे चाचपडून रडवेले होणे, यात केवढा फरक आहे! चाचपडणाऱ्याला उत्तर नसल्याचे कधीच कळत नाही. त्याला वाटते, ते आहे पण मला दिसत नाही. पोराचा धीर इथेच खचतो.

क्ष वर्गाच्या मागे संख्या असेल तर मुले आणखी बिचकतात. ६ क्ष वर्ग − क्ष − १५ घ्या. इथे १५ च्या जोड्या शोधत बसून चालत नाही, पहिली आणि शेवटची संख्या गुणायची. साहा पंधरा नव्वद. नव्वदच्या जोड्या : एक-नव्वद, दोन-पंचेचाळीस, तीन-तीस, पाच-अठरा, सहा-पंधरा, नऊ-दहा. शेवटी वजा आहे म्हणून फरक बघा, मधल्या पदात नुसता क्ष म्हणजे फरक १ हवा. नऊ आणि दहा. मधल्या पदाची फोड −१० क्ष + ९ क्ष अशी केली की (३ क्ष − ५)(२ क्ष + ३) हे अवयव पडतात. मुलाला उलट गुणाकार करून ताळा बघायला सांगा. ताळा बघण्याची सवय ज्याला लागली त्याला मार्कांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागत नाही.

काही संख्या फसव्या असतात. ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३ या दिसायला अगदी मूळ संख्यांसारख्या, पण आतून फुटलेल्या. ५१ म्हणजे सतरा त्रिक, ५७ म्हणजे एकोणीस त्रिक, ८७ म्हणजे एकोणतीस त्रिक, ९१ म्हणजे तेरा सत्ते, ११९ सतरा सत्ते आणि १३३ एकोणीस सत्ते. पूर्वीच्या शाळांत तीसपर्यंत पाढे घोकून घेत, शिवाय पावकी, निमकी, दिडकी, औटकी. त्या मुलांना या जोड्या कानानेच ओळखू येत. आता दहा-बाराच्या पुढे गाडी जात नाही. घोकंपट्टीचा मी भक्त नाही, पण तेरा, सतरा आणि एकोणीस हे तीन पाढे तरी मुलांकडून करून घ्याच, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ५७ ला फसलेले मूल रागावण्यासारखे नाही. विसाव्या शतकातले थोर गणिती अलेक्झांडर ग्रोथेंडिक यांनी एकदा बोलता बोलता मूळ संख्येचे उदाहरण म्हणून ५७ च सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे!

३ ची कसोटी सर्वांना माहीत असते, अंकांची बेरीज ३ ने विभागली जावी. ७ ची सहसा माहीत नसते. शेवटचा अंक काढून घ्या, त्याची दुप्पट करा आणि उरलेल्या संख्येतून वजा करा. १६१ घ्या : १६ मधून २ गेले, उरले १४, सातच्या पाढ्यातले. म्हणून १६१ ला सातने भाग जातो, तेवीस सत्ते. ११ साठी एकाआड एक अंक मिळवायचे. १८७ मध्ये १ आणि ७ मिळून ८, मधला अंकही ८, फरक शून्य, म्हणून अकराने भाग जातो आणि जोडीदार १७. एवढ्या सामग्रीवर १२० पर्यंतची कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे केवळ २, ३, ५ आणि ७ या चौघांनी तपासून सांगता येते, कारण पुढची मूळ संख्या ११ आणि अकरा अकरे १२१.

संख्यांशी असे खेळत बसण्यासाठी मोठ्या विद्यापीठातच असावे लागते असे नाही. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले द. रा. काप्रेकर (१९०५–१९८६) यांनी आयुष्यभर हाच खेळ केला आणि जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांचे नाव गेले. आपल्याच अंकांच्या बेरजेने विभागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद संख्या' असे गोड नाव दिले. ८४ घ्या, ८ आणि ४ बारा, बारा सत्ते चौऱ्याऐंशी. रामानुजनमुळे गाजलेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ चा जोडीदार ९१, म्हणजे तेच अंक उलटे! प्रत्येक संख्येला ही युक्ती लागू पडत नाही, पण लागली की मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता मला मनापासून आवडलेली एक हकीकत सांगतो, कारण ती आमच्या कारकुनी जातकुळीची आहे. आजच्या इराकच्या भूमीवर, चार हजार वर्षांच्या आसपास, बाबिलोनी राज्यात कारकून तयार करण्याच्या शाळा होत्या. कागद नव्हता. ओल्या मातीच्या विटेएवढ्या पाट्यांवर टोकदार बोरूने अक्षरे उमटवत. त्यांची मोजणी दहाची नव्हती, साठाची होती. तासाची ६० मिनिटे आणि मिनिटाचे ६० सेकंद हा आपल्याकडे आलेला तिचाच वारसा. त्या शाळांतल्या मुलांच्या अनेक पाट्या उत्खननात सापडल्या आहेत आणि त्यांवर काय आहे? ज्यांचा गुणाकार ६० येतो अशा जोड्या! दोन-तीस, तीन-वीस, चार-पंधरा, पाच-बारा, सहा-दहा, आठ-साडेसात, नऊ आणि सहा पूर्णांक दोन तृतीयांश. सात तिथे गाळलेला असतो, कारण सातचा जोडीदार त्यांच्या पद्धतीत पुरता लिहून होत नाही.

हे पाठ कशासाठी करायचे? भागाकारासाठी. ज्याला बारा पाठ आहे त्याला पाचने भागायची गरज नाही, बाराने गुणायचे आणि एक घर सरकवायचे. आपणही हेच करतो, पण लक्षात येत नाही. एखाद्या रकमेला पाचने भागायचे तर दुप्पट करून एक शून्य उडवा. २५ ने भागायचे तर चौपट करून दोन शून्ये उडवा. दोन-पाच ही दहाची जोडी आणि चार-पंचवीस ही शंभराची. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात अशी एक बाबिलोनी पाटी आहे, तिच्यावरचे उदाहरण असे : दोन संख्यांचा गुणाकार ६० आहे, एक दुसरीपेक्षा ७ ने मोठी आहे, संख्या कोणत्या? आपल्या दहावीच्या पोराला पडतो तोच प्रश्न! पाटीवर उत्तरही कृतीसह आहे. सातचे अर्धे साडेतीन. साडेतीन औटे सव्वाबारा. त्यात साठ मिळवा, सव्वाबहात्तर. त्याचे वर्गमूळ साडेआठ. साडेआठात साडेतीन मिळवले तर बारा, वजा केले तर पाच. जोड्या शोधूनही तेच येते, पण यादी लांबलचक असेल तेव्हा ही रीत फार कामाची आहे. औटकी येणाऱ्या आपल्या आजोबांना ती तोंडी करता आली असती.

आपल्या जुन्या रुपयातही हीच सोय होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पया, म्हणजे रुपयाच्या १९२ पया. १९२ च्या जोड्या सात. शंभराच्या चार आणि वर दहा दाहे. तीन भावांत रुपया वाटायचा तर प्रत्येकी पाच आणे चार पया, काही उरत नाही. आता तेहतीस-तेहतीस देऊन एक पैसा कुणाच्या पदरात टाकायचा, हा प्रश्न. दशमान पद्धत बेरजेला सोपी आणि तीच योग्य, पण वाटणीला बारा आणि साठ सरस. बाजारात केळी अजून डझनावर मिळतात ती उगाच नव्हे. आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ साली एक दीर्घ निबंधच लिहिला. १२, २४, ६० आणि ३६० या त्यातल्याच.

हिशेब ठेवणाऱ्यांना जोड्यांचा आणखी एक उपयोग आहे. तो कॉलेजात कुणी शिकवत नाही, टेबलावर जुने लोक शिकवतात. रोजकीर्दीवरून खतावणी केली, तेरीज काढली आणि दोन बाजू जुळल्या नाहीत. फरक आला ६३ रुपये. घाईने सगळी पाने उलटायची नाहीत, आधी फरकाकडे बघायचे. ६३ ला नऊने भाग जातो, सात नव्वे. मग बहुधा कुठेतरी दोन अंक उलटे पडले आहेत आणि त्या दोन अंकांत सातचा फरक आहे : १८ चे ८१ झाले किंवा २९ चे ९२. फरक ४५० असेल तर नव्वद पंचे. तेव्हा दहम आणि शतकाच्या घरात पाचचा फरक असलेले अंक बघा, १,२७० चे १,७२० झाले असतील. नऊने भाग जात नाही पण फरक सम आहे, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद विरुद्ध बाजूला पडली असण्याचा संभव. आता बेरजा संगणक करतो, पण व्हाउचरवरचे आकडे बोटांनीच टाकले जातात आणि बोटे अजून तशीच आहेत. बचत गटाचे किंवा मंडळाचे हिशेब लिहिणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

मोठ्या संख्यांच्या जोड्या शोधणे किती बिकट आहे, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. फ्रान्समधल्या मर्सेन नावाच्या धर्मगुरूने १६४४ साली म्हटले होते की २ चा ६७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की येणारी २१ अंकी संख्या मूळ आहे. १८७६ साली ल्युकास या गणितज्ञाने ती मूळ नाही हे सिद्ध केले, पण तिचे अवयव कोणते ते कुणाला सांगता येईना. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये गणितज्ञांच्या सभेत फ्रँक कोल हे प्राध्यापक फळ्यापाशी गेले. असे सांगतात की त्यांनी एका बाजूला ती संख्या मांडली, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार हाताने केला, दोन्ही उत्तरे जुळली आणि ते एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. किती वेळ लागला असे विचारल्यावर ते म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार. गुणाकार तासाभरात होतो, पण तीच वाट उलटी चालायला तीन वर्षे!

याच अवघडपणावर पुढे कुलूप बसवले गेले. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर आधारलेली गुप्तलेखनाची पद्धत शोधली. गुणाकार सगळ्यांना दाखवायचा, जोडी मात्र आपल्याजवळ ठेवायची. त्यांनी आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या फोडायला १९९४ साल उजाडले आणि त्यासाठी जगभरच्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांचे संगणक आठ महिने राबले. त्याच धर्तीची २५० अंकी संख्या २०२० साली फुटली. कुलुपासाठी प्रत्यक्षात वापरतात त्या संख्या याहूनही खूप लांब असतात. इंटरनेटवरून होणाऱ्या बँक-व्यवहारांच्या राखणीला ही पद्धत दीर्घकाळ उभी राहिली आहे. तेव्हा "हे जोड्या शोधणे पुढे कुठे उपयोगी पडते?" असे पोराने विचारले, तर त्याच्याच हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवा.

घरी करायला काही संख्या देतो. रोज एकच घ्यावी, दोन रकाने आखून, १ पासून, मध्ये काही न गाळता : ८४, ९६, ११९, १८७, ३६०. मोठ्या मुलांनी बेरीज आणि फरकाचे रकानेही भरावेत. जोड्या किती सापडल्या ते आईवडिलांनी मोजावे. ८४ च्या सहा, ९६ च्या सहा, ११९ च्या दोन, १८७ च्या दोन आणि ३६० च्या बारा यायला हव्यात. कमी आल्या तर उत्तर सांगू नका, "अजून एक राहिली आहे" एवढेच सांगा.

आणि सहावी संख्या १००१. ती सुटल्यावर शेजारच्या मुलांना जमवून हा खेळ करा. एकाने मनात तीन अंकी संख्या धरावी आणि ती दोनदा शेजारी शेजारी लिहावी, म्हणजे ३४५ धरली तर ३४५३४५. कागद दुसऱ्याकडे द्यावा, त्याने ७ ने भागावे. तिसऱ्याने आलेल्या उत्तराला ११ ने भागावे, चौथ्याने १३ ने. बाकी कुठेच उरत नाही आणि शेवटी कागदावर ३४५ परत येतात. का येतात, ते मुलांनाच १००१ च्या जोड्यांत शोधू द्या.